पॅरिसमध्ये गाडी बदलायची तर स्टेशन बघून तिकीट काढा

पॅरिसला सगळ्या दिशांचं मिळून असं एक मोठं स्टेशन नाही. लंडन, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोनच्या गाड्या गार द्यु नॉरला (फ्रेंचमध्ये ‘गार’ म्हणजे स्टेशन). फ्रँकफर्ट, स्टुटगार्टच्या गार द लेस्तला. जिनिव्हा, झुरिक, बार्सिलोनाच्या गार द लियोंला. मी लंडनहून आईबाबांना घेऊन निघते तेव्हा आधी उतरायच्या आणि पुढची गाडी पकडायच्या स्टेशनांची जोडी बघते. भाडं आणि वेळ त्यानंतर. बाबांचे गुडघे दुखतात आणि आईची बॅग कधीच हलकी नसते.

माझी सगळ्यात लाडकी जोडी नॉर आणि लेस्त. दोन्ही स्टेशनं एकमेकांपासून चालत दहाएक मिनिटांवर आहेत. मेट्रोची ४ आणि ५ नंबरची लाइन दोन्हीकडे थांबते, पण एका स्टेशनापुरतं बॅगांसकट खाली उतरून पुन्हा वर यायचं कशाला? एक मात्र लक्षात ठेवा. जवळचा रस्ता र्‍यू दाल्झासवरून जातो आणि तिथे लेस्तच्या बाजूला चांगला उंच दगडी जिना आहे. बॅगा असतील तर बुलव्हार द माजँतावरून या. थोडं जास्त चालणं होतं, पण जिना लागत नाही.

लेस्त मला स्टेशन म्हणूनही फार आवडतं. नॉरच्या मानाने शांत, फलाट सगळे एका रांगेत, कुठे जायचं ते चटकन कळतं. आत ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धावर निघालेल्या सैनिकांचं प्रचंड चित्र लावलंय. अल्बर्ट हर्टर या अमेरिकन चित्रकाराने ते युद्धात गेलेल्या आपल्या मुलाच्या आठवणीत १९२६ मध्ये भेट दिलं. गाडीला वेळ असेल तर त्याच्यासमोर जरूर उभे राहा. डिसेंबर २०२४ पासून बर्लिनची थेट हायस्पीड गाडीही इथूनच सुटते.

गार द लियोंचं गणित वेगळं. नॉरहून आरईआर डी ही लोकल गाडी पकडली की मध्ये फक्त शात्ले लागतं, पुढचं स्टेशन लियों. ऐकायला सोपं, पण दोन्हीकडे फलाट जमिनीखाली खोल आहेत, आणि लियोंला वर आल्यावर एका हॉलमध्ये फलाटांना अक्षरं, दुसऱ्यात आकडे. आपला फलाट बोर्डवर लागतो तो गाडी सुटायच्या साधारण वीस मिनिटं आधी, मग दुसऱ्या हॉलपर्यंत लगबग. सोबत ज्येष्ठ असतील तर सरळ टॅक्सी करा. मी इथे दीड तासाच्या खालचं कनेक्शन घेत नाही.

जाताना निदान एक सोय आहे: फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनला सेंट पँक्रसमध्येच होते, त्यामुळे पॅरिसला उतरलं की थेट बाहेर. परतताना मात्र नॉरच्या वरच्या मजल्यावर आधी फ्रेंच, मग ब्रिटिश तपासणी, शिवाय सामानाचं स्कॅनिंग. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, सीमांवर टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटोही घ्यायला लागलेत. भारतीय पासपोर्टवाल्यांनी परतीला दोन तास हाताशी ठेवावेत. ब्रुसेल्सच्या गाडीला यातलं काहीच नाही, फलाटावर जा आणि बसा.

दक्षिणेकडच्या लियाँ किंवा मार्सेय शहराला जायचं असेल तर पॅरिस सोडूनच द्या आणि उत्तर फ्रान्समधल्या लील शहराच्या लील यूरोप स्टेशनला गाडी बदला. तिथून काही टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सच्या हायस्पीड गाड्या, पॅरिसला वळसा घालून थेट दक्षिणेला जातात. लंडनहून येणाऱ्या युरोस्टार गाडीतून उतरायचं, त्याच स्टेशनात पुढची गाडी पकडायची. गाड्या कमी आहेत, म्हणून वेळा तुम्हाला जमवून घ्याव्या लागतात, पण आईबाबांसोबत मी हे आनंदाने करते. फक्त तिकिटावर ‘लील फ्लांद्र’ नाही ना, ते बघा; ते वेगळं स्टेशन आहे, थोडं चालत जावं लागतं.

झुरिकसाठी मी तरीही पॅरिसचं गार द लियोंच निवडते. लेस्तहून स्ट्रासबुर्ग, मग बाझल असं जाता येतं, पण त्यात दोनदा चढउतार. लियोंहून चार तासांच्या आसपास थेट गाडी मिळते, आणि त्यासाठी शहर ओलांडायचा टॅक्सीचा खर्च मला पटतो.