काचेचं घर लोकेशन म्हणून: फोटोला मस्त, पण त्या दाराचं काय?

शूटसाठी भाड्याने घेते त्या काचेच्या घराचं बिल आलंय आणि त्यात ओव्हरटाइम लावलाय, म्हणून आता लिहितेच. गेले काही महिने प्रॉडक्ट शूट, पोर्ट्रेट, मुलाखती सगळं या एकाच घरात करतेय. १९६० च्या आसपासचं, सपाट छपराचं, नीट रिस्टोअर केलेलं, फोटो सगळ्यांनी बघितलेच असतील.

तर ते सरकतं दार. मालकांनी मूळची स्टीलची फ्रेम आणि मूळचा ट्रॅक तसाच ठेवलाय, त्याचं त्यांना भारी कौतुक. सकाळी बोटाने ढकललं तरी सरकतं. छपराचा पुढे काढलेला भाग डोक्यावरचं ऊन अडवतो, पण चार वाजले की पश्चिमेचं तिरपं ऊन त्याच्या खालून थेट फ्रेमवर येतं, स्टील तापून फुगतं आणि दार अर्ध्यात अडकतं, धड उघडं नाही धड बंद नाही. मुलाखत चालू, बाहेरचा सगळा आवाज आत, साउंडवाला हेडफोन काढून माझ्याकडे बघतोय. केअरटेकरला फोन केला तर म्हणे, "मॅडम जोर लावू नका, मूळ काच आहे." बरं, नाही लावत! पण मग थांबलो तो वेळ आमच्या नावावर कसा काय? सामान आत आणायचा, आवरायचा वेळही तासांत धरतात, तो मी मुकाट्याने देते. तुमच्या दाराचे पैसे मी का भरू? एवढ्या भाड्यात निदान रोलर तरी बदला.

आधी मी काचेवरच वैतागले होते, प्रत्येक फोटोत काचेवर उमटलेले स्टँड, सॉफ्टबॉक्स (लाइटचे डबे) आणि आम्हीच. पोलरायझर (चमक कापणारा लेन्सवरचा फिल्टर) लाव म्हणतात सगळे, पण काचेच्या अगदी समोरून तो काहीच करत नाही, तिरपं उभं राहिलं तरच रिफ्लेक्शन कापतो. आता मात्र मत बदललंय. लॉस एंजेलिसच्या स्टाल हाउसचा, म्हणजे टेकडीवरच्या काचेच्या घराचा, १९६० चा फोटोग्राफर ज्युलियस शुलमनचा फोटो आहे ना, तो खालच्या शहराच्या दिव्यांसाठी लांब एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं) आणि आतल्यांसाठी फ्लॅश असा एकाच निगेटिव्हवर काढलेला. तेच इथे करून बघितलं, अंधार पडताना ट्रायपॉड लावून आतले दिवे बंद, आधी बाहेरचं घ्यायचं, मग आत फ्लॅश मारायचा. बाहेरचा उजेड कमी करायला काचांवर लावायची एनडी फिल्म आणायचा खर्च वाचला, आणि फोटो असे आले की क्लायंटने चक्क एकही करेक्शन सांगितलं नाही (हे लिहून ठेवण्यासारखं आहे).

शिवाय सगळा भार खांब-तुळयांवर, मधे भिंती कमीच, त्यामुळे ८५ एमएमची लांब लेन्स लावून मागे मागे जाता येतं. फ्लॅटमध्ये हे सुख नाही.

आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर मात्र सकाळचाच स्लॉट घ्या आणि जाड ब्लँकेटं न्या, टेराझोची गुळगुळीत फरशी आणि काच मिळून खोली नुसती घुमते. फोटोच काढायचे असतील तर दुपारनंतरचा घ्या, पण दार आधीच पूर्ण उघडून ठेवा आणि ओव्हरटाइमचं बोलणं मेसेजवर करा, फोनवर नको.