मांडवी खाडीची वल्ह्याची सफर: आधी तिथी बघा, मग बुकिंग करा

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ पासून महिला बचत गटाची कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची सफर चालते. होडीला इंजिन नाही. ती हातवल्ह्यांवर चालते आणि वल्हवतात बायकाच. आश्विनात खाडी बघायची तर हीच सफर घ्यावी. पाऊस ओसरलेला असतो, पर्यटकांची दिवाळीनंतरची झुंबड अजून यायची असते आणि वल्ह्याच्या 'चुबुक' आवाजापलीकडे कानावर फक्त पाखरं येतात. मोटरबोटीच्या फटफटीत यातलं काहीच हाती लागत नाही.

सफर जमणार की फसणार हे मात्र भरतीवर ठरतं, आणि बुकिंग करताना नेमकं तेच कुणी विचारत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता अंदाजे पूर्ण भरती. द्वादशी म्हणजे बारा पाऊणे नऊ, म्हणून सकाळी नऊ आणि रात्री नऊच्या सुमाराला भरती. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. दुसऱ्या दिवशी हीच वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. वाऱ्याने अर्धा तास मागेपुढे होतं आणि खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेव्हा नक्की वेळ गटाकडूनच घ्या.

सगळ्यात मोठी फसगत कोजागरीची. पौर्णिमेची संध्याकाळ म्हणजे मजाच, असं धरून लोक येतात. पण पंधरा पाऊणे सव्वाअकरा; म्हणजे सूर्यास्ताला ओहोटी, तीही उधाणाची, सर्वांत खोल उतरलेली. बारीक फाट्यांत होडी चिखलाला टेकते, वास येतो आणि कांदळाच्या मुळांखाली कुठे शिरायलाच मिळत नाही. कोजागरी दुधासाठी ठेवा. सफरीला एकादशी-द्वादशीची सकाळ धरा, पक्ष कुठलाही चालेल. भरतीच्या दोन तास आधी, साडेसहा-सातला निघायचं. संध्याकाळच हवी असेल तर सप्तमी-अष्टमी बघा, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, फार चढत नाही. शिवाय परतीचा पाऊस विजांसकट येतो तो बहुधा दुपारनंतरच.

भरतीच्या आधी निघण्यात आणखी एक फायदा आहे. सुरुवातीला चिखल उघडा असतो, त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारतात, एक नांगी मोठी असलेल्या कुर्ल्या ती हलवत बसतात. मग पाणी चढतं आणि त्याच पाण्यावर होडी आत जाते. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही पदरात.

पाऊस थांबून चारपाच दिवस ऊन पडलं असेल तर तिवर या खारफुटीच्या झाडाचं पान जवळून बघा. झाड शोषलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. पावसाळाभर ते धुऊन जातं, आता पानावर बारीक कण चमकू लागतात. बोट फिरवून जिभेला लावलं की खारट. पण आधी विचारा, हे तिवरच ना! हुरा नावाच्या दुसऱ्या खारफुटीचं पान तोडलं तर पांढरा चीक येतो; तो डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं. कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा लटकताना दिसतील, त्या खऱ्या शेंगा नव्हेत: बी झाडावरच रुजून आलेली रोपं ती. तोडून आठवण म्हणून घरी न्यायच्या नाहीत.

पाखरांसाठी ८×४२ ची दुर्बीण पुरते. थंडीचे पाहुणे याच सुमाराला उतरू लागतात: काठावर शेपटी वरखाली करत चालणारी तुतारी, क्वचित काळ्या टोपीचा निळा खंड्या. डिसेंबरमध्ये पक्षी जास्त दिसतील हे खरं, पण तेव्हा माणसंही जास्त असतात.

ऑक्टोबरच्या उन्हाला हलक्यात घेऊ नका. नऊनंतर पाण्यावरून ऊन उलटं तोंडावर येतं, हवेत दमटपणा असतोच. सुती पूर्ण बाह्या, टोपी, माणशी लिटरभर पाणी. लाइफ जॅकेटने घाम येतो म्हणून कुणी ते काढू बघतं, काढायचं नाही. सेंटही नको, चिलटं आधी तुमच्याकडेच येतील. मोबाइलवर गाणी लावणारं कुणी बरोबर असेल तर त्याला बंदरावर चहा पीत बसवा.

रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरायचं. साडेसहाची होडी गाठायची तर मुक्काम आदल्या रात्रीच वेंगुर्ल्यात हवा. होडीत चढताना पायरी शेवाळलेली असू शकते, म्हणून रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. नुसती स्लिपर चिखलात राहते आणि पाय तेवढा वर येतो.