आंकीवर स्पॅनिश क्रियापदं: काही महिन्यांच्या वापरानंतर

हिंजवडीतल्या ऑफिसात मेक्सिकोच्या टीमशी कॉल असतात, म्हणून मागच्या पावसाळ्यात स्पॅनिश हातात घेतलं. पाठांतरासाठी आंकी घेतलं, म्हणजे प्रश्नोत्तरांची कार्डं ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा समोर आणणारं ॲप. ते अँड्रॉइडवर आणि लॅपटॉपवर फुकट आहे. आयफोनवाल्यांना पैसे मोजावे लागतात.

सुरुवातीला कार्डांचा एक तयार संच उतरवला, तो काही कामाचा निघाला नाही. एका कार्डावर अख्खा तक्ता: आब्लो, आब्लास, आब्ला... पाढ्यांसारखा पाठ होतो, पण कॉलवर 'आम्ही बोलतो' म्हणायचं तर मनात पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. शिवाय वोसोत्रोसची, म्हणजे स्पेनमधल्या 'तुम्ही सगळे'ची रूपं. मेक्सिकोत बोलताना ती कुणी वापरत नाही, मग पाठ कशाला करायची? शेवटी स्वतःचीच कार्डं केली: एक वाक्य, क्रियापदाची जागा रिकामी. शंका आली तर स्पेनच्या रॉयल अकादमीच्या ऑनलाइन शब्दकोशात क्रियापदांचे तक्ते फुकट मिळतात.

खरा फरक पडला वाक्यं मराठीत लिहायला लागल्यावर. इंग्रजी 'आय वेंट' समोर असलं की फुई लिहू की इबा, हा घोळ सुटत नाही. मराठीत तो होतच नाही. 'काल पर्वतीवर गेलो', तर फुई. 'लहानपणी दर रविवारी पर्वतीवर जायचो', तर इबा. या 'जायचो'वाल्या काळात अनियमित क्रियापदंही तीनच: सेर (असणं), इर (जाणं), वेर (पाहणं). आवडण्याचं तर विचारूच नका. मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस. आंबा आवडतो, आंबे आवडतात. क्रियापद आंब्यामागे जातं, आपल्यासारखंच. इंग्रजीतून शिकणारे यावर किती डोकं फोडतात ते पाहून जरा बरंच वाटतं.

आवाज नसलेलं कार्ड मात्र करू नका. 'आब्लो'मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. कागदावर फरक एका तिरक्या रेघेचा.

सुबखुंतिवोमध्ये, म्हणजे इच्छा किंवा अजून न घडलेल्या गोष्टी सांगणाऱ्या क्रियापदरूपांत, मराठी अर्ध्या वाटेपर्यंतच येते. 'तू यावंस अशी इच्छा आहे' याला केएरो के वेंगास, इथवर 'यावंस' झकास चालतं. पण 'तू येशील तेव्हा' यालाही कुआंदो वेंगासच, आणि तिथे आपला भविष्यकाळ हमखास फसवतो. अशी वाक्यं मी वेगळ्या संचात काढलीत. गणपतीत सुट्टी घेतली तर परतल्यावर कार्डांचा ढीग पडलेला असतो, तेवढी तयारी ठेवा.