हायब्रिड सायकल, पाच महिने वापरून: पानशेतचा रस्ता, सासवडची सीताफळं आणि सराटे

पुण्याच्या आसपास शनिवार-रविवारी हिंडायला सायकल घेत असाल तर दुकानात आधी गिअरचे दाते मोजा. पुढचं, म्हणजे पेडलजवळचं सगळ्यात लहान दातेरी चाक (चेनव्हील) २८ दात्यांचं आणि मागच्या कॅसेटचं, म्हणजे मागच्या दातेरी चाकांच्या जुडग्यातलं, सगळ्यात मोठं चाक ३४ दात्यांचं, अशी जोडी असेल तर घाट चढता येतो. आणि घाट चढता आला की पुण्याच्या चारही दिशा मोकळ्या होतात. पाच महिन्यांच्या वापरानंतर मला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच. फ्रेमचा रंग, वजन, सस्पेन्शन, सगळं त्याच्यामागून.

माझी सायकल हायब्रिड प्रकारातली आहे, म्हणजे रस्त्यावरची सायकल आणि डोंगरी सायकल यांच्या मधली. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा साधा न दबणारा फोर्क, ७०० बाय ३८ चे (म्हणजे ३८ मिलिमीटर रुंदीचे) टायर, पुढे तीन आणि मागे आठ असे चोवीस गिअर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. गिअर शिमानो कंपनीच्या आल्टस मालिकेतले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीत चार-पाच कंपन्यांच्या सायकली जवळजवळ सारख्याच सामानाच्या मिळतात आणि मला बोलायचंय ते या प्रकाराबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नेमकी त्याच दिवशी घटस्थापना होती. पितृपक्षात बघून ठेवलेली सायकल नवरात्रात घरी आली, सत्तावीस हजारांच्या आत. हेल्मेट, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, कुलूप, उभा पंप आणि कॅरिअर यांचे पाचेक हजार वेगळे धरा. ते सामान ऐच्छिक नाही. पहाटे पावणेसहाला सिंहगड रस्त्यावर अंधार असतो आणि डंपर वेगात असतात.

नवरात्रात सायकल आणण्यामागे जीएसटीपेक्षा मोठं कारण ऋतूचं होतं. पावसाळ्यात रस्ता दिसत नाही, उन्हाळ्यात आठनंतर डोकं भणभणतं. आश्विन-कार्तिकाचे दोन महिने मात्र सायकलसाठीच नेमून दिल्यासारखे असतात. पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो, धरणं भरलेली असतात, हवा धुतलेली असते आणि सकाळी साडेसहाला उजाडतं. ऑक्टोबर हीट खरी, पण ती दुपारची. साडेनऊपर्यंत घराकडे तोंड वळवलं तर तिचा त्रास होत नाही. या वेळी दिवाळीतही पावसाच्या सरी आल्या, पण त्या संध्याकाळच्या. सकाळ आमची राहिली.

आमची म्हणजे माझी आणि माझ्या धाकट्या जावेची. तिच्याकडे तीन वर्षांपूर्वीची एमटीबी (डोंगरी सायकल) आहे, पुढे सस्पेन्शन असलेली, जाड खड्ड्याखड्ड्यांच्या टायरची. त्यामुळे दोन प्रकारच्या सायकली एकाच रस्त्यावर, एकाच चढाला, शेजारी शेजारी चालवून बघायला मिळाल्या.

नेहमीचा रस्ता पानशेतचा. खडकवासल्याच्या चौपाटीवर पहाटे कणसांच्या गाड्या झाकलेल्या असतात, त्या ओलांडून डोणजे फाट्याला सिंहगडाचा रस्ता डावीकडे सोडायचा आणि सरळ खानापूर, मालखेड करत पुढे जायचं. उजव्या हाताला बराच वेळ पाणी दिसत राहतं. जाऊन-येऊन घरापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर होतात. हा रस्ता सपाट नाही. सतत छोटे चढ आणि लगेच उतार. इथे हायब्रिडचं खरं रूप कळतं. जाऊबाईंच्या सायकलचे जाड टायर डांबरावर घूं-घूं आवाज करतात आणि तो आवाज म्हणजे पायांतून गेलेली ताकद असते. ती चढावर उभी राहून पेडल मारायला लागली की पुढचा फोर्क दर पेडलला खाली बसतो. या किमतीच्या सायकलींतला सस्पेन्शन फोर्क एकटाच दोन-अडीच किलोचा भरतो आणि डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग फारसा होत नाही. माझा साधा फोर्क खड्ड्यात दणका देतो हे मान्य. पण ३८ चा टायर योग्य हवेवर ठेवला तर त्यातला बराच दणका तोच खातो.

हवेबद्दल जरा सविस्तर. टायरच्या कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो. माझ्या टायरवर ५० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय. बहुतेक दुकानदार ‘कडक’ करून देतात, म्हणजे ७५. तेवढ्या हवेवर पावसाने उखडलेल्या रस्त्यावर मनगटं हादरून निघतात. मी मागे ५८ आणि पुढे ५२ च्या आसपास ठेवते, कारण सायकलवर बसल्यावर वजन मागच्या चाकावर जास्त येतं. हा बदल केल्यापासून हाताला मुंग्या येणं जवळजवळ थांबलं. दर शनिवारी रात्री पंप मारायचा. दोन दिवसांत थोडी हवा कमी होणं हे पंक्चर नव्हे, ट्यूबमधून ती झिरपतेच.

आता गिअर. २८ ला ३४ लावलं की पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक पुरता एक फेराही घेत नाही, पाऊण फेऱ्याच्या थोडं पुढे जातं. माझ्या टायरचा घेर सव्वादोन मीटरला जरा कमी आहे, म्हणजे एका पेडलला सायकल साधारण १.८ मीटर सरकते. सगळ्यात जड गिअरला, ४८ ला ११, तेच अंतर साडेनऊ मीटर होतं. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजेच घाट चढणारी सायकल. सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून नऊएक किलोमीटर आणि चढ सहाशे मीटरच्या घरात. नोव्हेंबरात मी तो न उतरता चढले. वेग चालणाऱ्या माणसापेक्षा थोडाच जास्त होता, मध्ये दोन तरुण मुलं बारीक टायरच्या सायकलींवरून सर्रकन पुढे निघून गेली, पण माझे गुडघे शाबूत राहिले आणि वर पोचल्यावर मडक्यातलं दही खाण्याइतकी भूकही शिल्लक होती. पंचेचाळिशीच्या बाईला याहून काय पाहिजे! सगळ्यात जड गिअर मी उतारावरसुद्धा क्वचित वापरते. पुढे दोनच चेनव्हील असलेल्या सायकली आता जास्त येतात, त्या वापरायला सोप्या आहेत, फक्त त्यातलं लहान चेनव्हील किती दात्यांचं आहे ते विचारा. ३६ म्हणाले तर घाटासाठी मी तरी ती घेणार नाही.

गिअर पहिल्या दीड महिन्यात कुरकुरले. नवी केबल सुरुवातीला थोडी ताणली जाते, मग गिअर टाकला की चेन दोन चाकांच्या मध्ये खडखडते. मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्राला, केबल जिथे शिरते तिथे एक फिरवायची कळ असते, ती पाव फेरा डावीकडे, म्हणजे केबल ताणली जाईल अशी फिरवली की खडखड थांबते. हे स्वतःला आलंच पाहिजे, मालखेडच्या पुढे डिरेलरचा मेकॅनिक भेटत नाही. सायकल जोडून देणाऱ्या दुकानाने मात्र कामात घाई केली होती. मागच्या चाकाचे स्पोक सारखे ताणलेले नव्हते, पंधरवड्यात चाक डुलायला लागलं. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सायकलवाल्या काकांनी चाक नुसतं फिरवून, रिम आणि फ्रेममधल्या फटीकडे बघून सांगितलं, “ताई, चाक आऊट आहे. नव्या गाडीचं एकदा काढावंच लागतं.” अर्ध्या तासात त्यांनी आऊट काढून दिलं. तेव्हापासून चाक सरळ आहे. पहिली सर्व्हिस फुकट असते म्हणून तिथेच करण्यापेक्षा चाकात हात बसलेला माणूस शोधा.

डिस्क ब्रेकवर मी खूश आहे. बोपदेव घाट उतरताना दोन बोटांत सायकल थांबते. केबलचे ब्रेक तेलाच्या ब्रेकइतके मऊ नाहीत, पण पॅड झिजले की स्वतःला घट्ट करता येतात. एकच पथ्य: रोटरला, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या ब्रेकच्या चकतीला, बोट लावू नका, आणि चेनला तेल देताना त्याचा थेंब तिथे उडू देऊ नका. तेल लागलं की ब्रेक किंचाळतो आणि पकड जाते. चेनचं तेलही ऋतूप्रमाणे बदला. पावसाळ्यातलं घट्ट तेल ऑक्टोबरनंतरच्या धुळीत काळं लुकण होऊन बसतं. मी दसऱ्यापासून कोरड्या हवेचं तेल वापरते. प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब टाकायचा, आणि दहा मिनिटांनी फडक्याने बाहेरचं सगळं पुसून टाकायचं. तेल आत हवं, बाहेर नको.

शरदातला खरा शत्रू सराटा. पावसाळ्यात जमिनीलगत पसरलेलं, बारीक पिवळ्या फुलांचं हे झाड दिसायला गोजिरवाणं असतं. पाऊस सरला की त्याची फळं वाळतात, फुटून पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन लांब टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. वैद्य त्याला गोखरू म्हणतात, दशमुळांतलं ते एक मूळ. टायरला मात्र त्याचं काहीच औषध नाही. फोटो काढायला सायकल कडेच्या मातीत उतरवली की चाकाला दोन-तीन चिकटलेच समजा. म्हणून थांबायचं ते डांबरावर, आणि परत निघण्याआधी चाक उचलून, हळूहळू फिरवून टायर बघायचा. पंक्चर झालंच तर ट्यूब बदलून लगेच निघू नका. टायरच्या आतून सगळीकडे बोट सावकाश फिरवा. सराट्याचं टोक बाहेरून मोडलेलं असतं, आत मिलिमीटरभर पिवळसर काटा उरतो आणि तोच नवी ट्यूब खातो. माझ्या पिशवीत दोन ट्यूब, टायर काढायच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, पॅच, छोटा पंप आणि एक साधा चिमटा असतो. पंपापेक्षा चिमट्याचा उपयोग जास्त झालाय.

या रस्त्यांवर काय दिसतं ते लिहिल्याशिवाय हा अनुभव पुरा होणार नाही. दसऱ्याच्या आसपास खानापूरच्या पुढे भातं पोटऱ्यातून बाहेर आलेली असतात, आणि इंद्रायणी भाताच्या शेताजवळून सायकल गेली की शिजत्या भाताचा वास येतो. गाडीच्या बंद काचेतून तो कधी आला नव्हता. बांधावर कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे, माळावर सोनकी. दिवाळीनंतर तीच खाचरं पिवळी होतात, मग विळे लागतात, मग नुसते सड उरतात. दर रविवारी त्याच रस्त्याने गेल्यामुळे हा बदल आठवड्या-आठवड्याने बघता आला. ऑक्टोबरात धोबी पक्षी उत्तरेकडून येतात आणि सायकलच्या पुढे पुढे शेपटी हलवत रस्त्यावर धावतात, अगदी शेवटच्या क्षणी उडतात. सायकल त्यांना फार घाबरवत नाही.

दुसरा रस्ता सासवडचा. दिवे घाटात अवजड वाहनं फार, म्हणून आम्ही कोंढव्याकडून बोपदेव घाटाने जातो. चढ छोटा पण खडा. जायचं कारण सीताफळं. हंगामात सासवडच्या बाजारात सकाळी क्रेटच्या क्रेट लागलेले असतात. कॅरिअरवर आणायची तर डोळे नुकते उघडलेली पण दाबल्यावर कडक अशीच निवडा, खाली जुनी चादर घाला. पिकलेलं एक जरी घेतलं तर घाट उतरेपर्यंत त्याचा गर होतो. फ्रेमला कॅरिअर बसवायची भोकं आहेत का, हे सायकल घेतानाच बघायचं. पाठीवर सॅक घेऊन दहा किलोमीटर गेलात तरी शर्ट भिजून चिकटतो.

सीटबद्दल बायकांनी बायकांना सांगायला हवं, म्हणून लिहिते. कंपनीची सीट अरुंद आणि लांबट आली. आपली बसायची हाडं पुरुषांपेक्षा साधारणपणे रुंद असतात, तेव्हा रुंदी महत्त्वाची, मऊपणा नव्हे. वरून घालायचं जेलचं कव्हर पहिल्या तासाला सुख देतं आणि मग जास्त टोचतं. मी थोडी रुंद, मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी कडक सीट घेतली आणि पॅडवाली शॉर्ट. वरून सैल कुर्ता घातला तरी चालतो. सीटची उंची: टाच पेडलवर ठेवून पेडल खाली गेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक येतो. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या माझ्या दोन मैत्रिणींच्या सीट फार खाली होत्या.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. हँडल सरळ असल्याने हाताची जागा बदलता येत नाही, दोन-अडीच तासांनी तळवे अवघडतात. टोकांना छोटी शिंगं बसवून घेतल्यावर जरा बरं वाटतंय. पेडल प्लास्टिकची आणि गुळगुळीत आली, दवात पाय घसरतो, ती मी बदलणार आहे. सगळ्या सामानासकट सायकल पंधरा किलोच्या जवळ जाते, आणि आमच्याकडे लिफ्ट नाही. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पार करायच्या सायकल-सफरीचा, विचार असेल, जिथे साडेतेरा तासांत अंतर संपवायचं असतं, तर या सायकलवर ती होते, पण वाकड्या हँडलची सायकल त्याला जास्त योग्य. उलट रोज पाच किलोमीटर भाजीला आणि बँकेत जायचं असेल तर हे चोवीस गिअर कशाला? साधी सायकल घ्या.

परवा जाऊ म्हणाली, “ताई, पुढच्या नवरात्रात माझीपण हीच.” तिची उंची पाच फूट एक इंच आहे, म्हणून ती एस मापाची फ्रेम बघतेय. माझी पाच-चार, मला एम बरोबर बसते. मधल्या उंचीच्या कुणी घेणार असाल तर दोन्ही मापांवर बसून बघा, फ्रेमच्या आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना उभं राहिल्यावर पाय जमिनीवर सपाट टेकतात का ते बघा, आणि शंका आली तर लहान माप घ्या.