जुनी फायबर होडी आणि ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन: पावसाळा ते उन्हाळा वापरानंतर

होडीच्या इंजिनाला थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाचं किट चुकीचं आलं आणि दुकानदार ते परत घ्यायला तयार नाही. वाद एवढाच, की इंजिनाचा नंबर कुठला धरायचा: क्लॅम्पच्या पट्टीवरचा की ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा? ब्लॉकवरचा नंबर लिहून दिला होता, तरी त्यानं पट्टीवरचा धरून माल मागवला. पैसे गेले, वर काम खोळंबलं. त्यामुळे होडी कशी आहे हे थोडक्यात आणि नंबराबद्दल सविस्तर लिहितो. जुनी होडी घेताना सगळ्यात कमी लोक बघतात ती हीच गोष्ट.

होडी वेंगुर्ल्याकडची, फायबरची. इंजिन दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं. कर्नाटकातल्या चिकोडी-रायबाग पट्ट्यात कृष्णेकाठी उपसा सिंचनाच्या मोटारी आणि पाईप सरकवायला, फूटव्हॉल्व्हला (पाईपच्या पाण्यातल्या तोंडाला) अडकलेली जलपर्णी काढायला वापर. त्या कामाला होडी उत्तम आहे. भरल्या वजनावरही डगमगत नाही आणि काठाला उथळ पाण्यात सहज लागते.

आता नंबर. पट्टी असते क्लॅम्पच्या ब्रॅकेटवर, म्हणजे इंजिन ज्या भागानं मागच्या फळीला आवळतात तिथं. बहुतेक लोक तिचा फोटो काढतात आणि थांबतात. पण नामांकित कंपन्यांच्या बऱ्याच इंजिनांत ब्लॉकवर रुपयाएवढी धातूची गोल चकती ठोकलेली असते आणि तिच्यावर तोच नंबर कोरलेला असतो. मॉडेलप्रमाणे तिची जागा बदलते. वरचं झाकण काढा, पेट्रोलात भिजवलेल्या फडक्यानं चकती पुसा, खडू आडवा फिरवा आणि बॅटरी बाजूनं तिरकी धरा. आकडे उठून दिसतात. पॉलिश पेपर लावू नका. कोरीव उथळ असतं, पुसलं गेलं तर तुमच्याच अंगाशी येईल.

पट्टी आणि चकती जुळली नाही म्हणजे माल चोरीचाच, असं नाही. खाऱ्या पाण्यात ब्रॅकेट आधी सडतं. कोकणात ते भंगारातल्या दुसऱ्या इंजिनाचं बसवतात आणि त्याच्यासोबत त्याची पट्टीही येते. या इंजिनाचं तेच झालेलं आहे. म्हणून तिसरा नंबर हवा, मूळ बिलावरचा. बिल आणि चकती जुळत असतील, पट्टी वेगळी असेल, तर घ्यायला हरकत नाही. फक्त ती गोष्ट विक्रीपत्रात लिहून घ्या आणि भाव पाडा. बिल आणि पट्टी जुळतात पण चकती वेगळी, तर ब्लॉक बदललेला आहे. त्या ब्लॉकचं बिल मागा. चकती खरवडलेली किंवा काढून टाकलेली असेल, तर कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका.

होडीच्या कागदांकडे वळू. समुद्रातल्या मच्छीमार होडीचा नंबर आयएनडी-एमएच असा सुरू होतो. पुढच्या अक्षरांत एमएम म्हणजे यांत्रिक, एमओ म्हणजे बाहेरून मोटार लावलेली, एनएम म्हणजे बिगरमोटारीची. एनएम लिहिलेल्या कागदावर कुणी इंजिनासकट होडी विकत असेल, तर इंजिनाची नोंदच झालेली नाही. ही नोंद मत्स्य खात्याकडची, रिअलक्राफ्ट या मच्छीमार होड्यांच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीतली. नदीत चालवायला ती पुरत नाही. नद्यांसारख्या आतल्या पाण्यातल्या होड्यांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागतो; त्यानं १९१७ चा कायदा बाजूला झाला. यंत्रावर चालणाऱ्या होडीला आधी सर्व्हे (तपासणी) आणि मग नोंदणी, असा क्रम आहे. या कायद्याखालचं प्रमाणपत्र मात्र देशभर चालतं. तेव्हा आधीच अंतर्देशीय नोंद असलेली होडी मिळाली, तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

विकणाऱ्याकडून जुनी मच्छीमार नोंद रद्द केल्याचा कागद घ्याच. योजनांचे लाभ त्या नंबराशी बांधलेले असतात, म्हणून तोच नंबर दुसऱ्या फायबरवर रंगवायचा मोह होतो. तुम्ही घेताय त्या होडीवरही तसं झालेलं असू शकतं. नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना ओल्या बोटानं रंग चाचपा आणि बॅटरी तिरकी धरा. नव्या रंगाखाली जुन्या आकड्यांच्या कडा हाताला लागतात.

इंजिन अनुदानातलं असेल तर खात्याची विक्रीपरवानगी, सोसायटीचं कर्ज असेल तर बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, घ्या. बिलावर, नोंदणीवर आणि आधारवर नाव एकच आहे का बघा. आपल्याकडे ही अडचण हमखास येते: महाराष्ट्रात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आणि कर्नाटकच्या कागदावर नुसती आद्याक्षरं. कन्नड कागद असेल तर कन्नड वाचणाऱ्या माणसाला शेजारी बसवून ओळन् ओळ वाचून घ्या. विक्रीपत्रात होडीचा नंबर, चकतीचा नंबर आणि पट्टीचा नंबर, तिन्ही वेगवेगळ्या ओळीत हवेत.

आता एक मत बदललंय. समुद्रातलं इंजिन घेऊच नये, असं आधी ठाम वाटायचं. आता तसं वाटत नाही. रोज गोड्या पाण्यानं धुतलेलं कोकणातलं इंजिन कृष्णेच्या गाळात वापरलेल्यापेक्षा चांगलं निघतं. धुतलेल्या इंजिनाला मीठ जास्त करून बाहेरून खातं, ते दिसतं. गाळ आतून वॉटर पंपाची रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) झिजवतो आणि ते इंजिन तापल्यावरच कळतं. पावसाळ्यानंतर इंजिनाच्या बाजूनं बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली, की इंपेलर बदलायला झाली समजा. किट लागलं ते त्याचसाठी.

बाकी तपासणीला जास्त वेळ लागत नाही. इंजिनाची खालची तंगडी धरून वर-खाली हलवा. मागची फळी लवली तर आतलं प्लायवूड कुजलंय. लाकडी हातोडीनं ठोका, बद्द आवाज आला की तेच. प्लग काढून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. फरक १० टक्क्यांच्या आत हवा. खालचा स्क्रू सैल करून गिअर ऑइलचे चार थेंब बघा. दुधाळ असेल तर पाणी आत येऊ न देणारं सील गेलंय. बहुतेक वेळा पंख्यामागे (प्रोपेलरमागे) जाळ्याचा दोरा गुंडाळलेला असतो आणि तोच सील कापतो, म्हणून पंखा काढूनच बघा. पेट्रोलात मिसळायचं तेल ५ लिटर पेट्रोलला १०० मिली, आणि विकणाऱ्यालाही तो काय प्रमाण घालायचा ते विचारा. 'अंदाजानं' म्हणाला तर पिस्टन उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

फळी कुजलेली, सील गेलेलं, इंपेलर झिजलेली, हे सगळं पैशात धरता येतं आणि तेवढा भाव कापून घेता येतो. चकतीचा नंबर कुठल्याच कागदाशी जुळत नसेल, तर त्या इंजिनाला सुट्या भागांच्या पलीकडे एक रुपयाही देऊ नका. दुकानात पार्ट मागवताना चकतीचा फोटो द्या आणि पावतीवर तोच नंबर लिहून घ्या, म्हणजे चुकीचा माल आला तर परत घ्यायला भाग पाडता येतं.