हेलसिंग: मांगा, जुनं टीव्ही अ‍ॅनिमे आणि अल्टिमेट, कित्येक महिने तिन्ही सोबत काढल्यानंतर

हेलसिंग हा जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा. त्यात हेलसिंग ही ब्रिटिश संघटना व्हॅम्पायर मारते, आणि तिच्यासाठी हे काम करणारा आलुकार्ड स्वतःच व्हॅम्पायर आहे. डार्क हॉर्स या प्रकाशनाची त्याची डिलक्स आवृत्ती घेऊन आता बरेच महिने झाले. मूळचे 10 खंड 3 जाडजूड हार्डकव्हर पुस्तकांत बसवलेत. या काळात मांगा पूर्ण वाचला, परत वाचला, काही प्रकरणं तर नुसती चित्रं बघायला उघडली, आणि सोबत 2001 चं टीव्ही अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, आणि नंतरचं हेलसिंग अल्टिमेट हे दुसरं अ‍ॅनिमे, दोन्ही चालू ठेवलं, म्हणजे पुस्तकात एक प्रसंग वाचायचा आणि लगेच तोच पडद्यावर लावायचा, असं बऱ्याच ठिकाणी केलं. त्यामुळे हे पहिल्या बघण्यातलं मत नाही, मुरलेलं आहे. आणि पुढे शेवटापर्यंतचं सगळं येणार आहे, त्यामुळे कोरी पाटी ठेवून वाचायचं असेल तर इथेच थांबा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसली की टीव्हीवाल्या मालिकेवर उगाच राग निघतो. कोउता हिरानोचा मांगा 1997 मध्ये यंग किंग अवर्स या मासिकात सुरू झाला आणि 2008 मध्ये संपला. गोंझो स्टुडिओने 13 भागांचं अ‍ॅनिमे काढलं ते ऑक्टोबर 2001 ते जानेवारी 2002 या काळात. म्हणजे तेव्हा मांगा अर्ध्यावरही आला नव्हता. चेडर गावातली सुरुवात, व्हॅटिकनचा लढवय्या पाद्री फादर अँडरसन याच्याशी पहिली गाठ, वॅलेंटाइन या व्हॅम्पायर भावांचा हेलसिंगच्या वाड्यावरचा हल्ला, इतपत साहित्य हातात, आणि पुढे काय होणार ते फक्त हिरानोच्या डोक्यात. मग पटकथाकार चिआकी कोनाकाने स्वतःचा रस्ता काढला. कोणीतरी चिप बसवून कृत्रिम व्हॅम्पायर बनवतंय हा धागा घेतला आणि शेवटी इन्कॉग्निटो नावाचा मांगात अजिबात नसलेला खलनायक आणून उभा केला. अल्टिमेट मात्र 2006 ते 2012 अशी जवळजवळ सात वर्षं 10 भागांत आलं, आणि त्यांनी मांगा समोर ठेवून पानामागून पान काढलं.

तर बहुतेक लोक फरक सांगताना कथानकाचाच सांगतात, की टीव्हीत नाझी नाहीत, त्यांचा म्होरक्या मेजर नाही, लंडनवरचा हल्ला नाही, हेलसिंगचा बटलर वॉल्टर याची गद्दारी नाही. हे सगळं खरंच आहे. पण इतके महिने तिन्हींत घालवल्यावर मला वाटतं की खरा फरक एका साध्या गोष्टीत आहे: नवी व्हॅम्पायर झालेली सेरास रक्त पिणार की नाही, आणि प्यायली तर कोणाचं. त्या एका प्रश्नाला कोण कसं उत्तर देतं यावरून त्या आवृत्तीत व्हॅम्पायर म्हणजे नेमकं काय ते ठरतं.

मांगात बघा. सेरास व्हिक्टोरिया ही पोलीस, चेडरमध्ये मरायला टेकलेली, आलुकार्ड तिला विचारतो आणि मगच तिला व्हॅम्पायर करतो. पण ती रक्त पीत नाही. मेडिकल ब्लडची पाकिटं समोर येतात, ती नुसती बघत बसते. आलुकार्ड चिडतो, टोमणे मारतो, पण तिला समजतोही. कारण हिरानोच्या जगात व्हॅम्पायर होणं ही काही ताकदीची पदवी नाही, माणूसपण सोसवलं नाही म्हणून ते टाकून दिल्याची ती खूण आहे. आलुकार्ड हे स्वतःबद्दल जाणतो, म्हणूनच त्याला माणसांचं इतकं कौतुक. राक्षसाला माणसानेच मारायला हवं हे तो परत परत म्हणतो, आणि त्याची सगळी मस्ती, ते हसणं, गोळ्या खाऊन उठणं, यामागे कोणीतरी माणूस येऊन मला संपवेल का ही वाट बघणं आहे. पहिल्यांदा वाचताना हे सगळं गोळीबारात वाहून जातं, दुसऱ्या वाचनात पहिल्या खंडापासून दिसायला लागतं. मला तरी हा मांगा परत वाचण्यासाठीच केलाय असं वाटतं.

आणि मग सातवा खंड. मेजरची अधिकारी झोरिन ब्लिट्झ हेलसिंगच्या वाड्यावर चालून येते, सेरासला तिच्या लहानपणीच्या आठवणीत ढकलते, आईवडिलांचा खून परत दाखवते, हात तोडते, डोळे फोडते. पिप बर्नाडॉट, भाडोत्री सैनिकांचा कॅप्टन, तोपर्यंत आपण ज्याला चावट विनोदापुरता समजत होतो तो, तिला खांद्यावर टाकून ओढत नेतो आणि स्वतः मरतो. मरताना सांगतो की माझं रक्त पी. आणि ती पिते. इतके खंड जे टाळलं ते इथे होतं, भुकेने नाही, हुकुमाने नाही, ज्याने तिच्यासाठी जीव दिला त्याला आपल्यात ठेवण्यासाठी. त्यानंतर तुटलेल्या हाताच्या जागी जी सावली उसळते ती पानभर पसरलेली आहे आणि तिथे मी दर वेळी थांबतो.

टीव्ही मालिकेत पिपच नाही. संपला विषय. म्हणजे सेरासचा रक्ताला नकार आहे, तिची घालमेल आहे, पण ती घालमेल जिथे पोचायला हवी ती जागाच कथेत नाही. आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, कारण 2001 मध्ये तो प्रसंग लिहिलाच गेला नव्हता, तर आणणार कुठून. उलट मला टीव्हीवाल्यांचं एका बाबतीत मनापासून कौतुक आहे. त्यांनी सेरासला जो वेळ दिलाय तो मांगानेही सुरुवातीला दिलेला नाही. मांगाच्या पहिल्या दोन खंडांत ती बऱ्यापैकी विनोदाला वापरली जाते, रडते, किंचाळते, आलुकार्डच्या मागे धावते. टीव्हीत ती एकटी आहे. रात्रीची ड्युटी, तळघरातली खोली, सोबतचे सैनिक माणसं आणि ही नाही, हे सगळं शांतपणे दाखवलंय. हेलेना नावाचं एक पात्र त्यांनी स्वतः घातलंय, दिसायला लहान मुलगी पण फार जुनी व्हॅम्पायर, पुस्तकांच्या गराड्यात बसलेली, आणि तिच्याशी सेरासचं जे बोलणं होतं ते मला मांगात असतं तर आवडलं असतं. जगण्याचा कंटाळा आलेली व्हॅम्पायर म्हणजे काय हे तिथे आरडाओरड न करता कळतं.

संगीताबद्दल तर बोलायलाच हवं. यासुशी इशीचं टीव्ही मालिकेचं संगीत वेगळंच आहे, रॉक, ब्लूज, मध्येच जॅझसारखं काहीतरी, आणि शेवटचं गाणं मिस्टर बिग या अमेरिकन बँडचं. लंडनच्या रात्री आणि पिवळ्या काचांचा चष्मा घातलेला आलुकार्ड चालत येतोय, त्यावर हे संगीत, हा जो मूड जमलाय तो अल्टिमेटला कधीच जमला नाही. अल्टिमेटचं हायातो मात्सुओचं संगीत भव्य आहे, कोरस, ऑर्केस्ट्रा, युद्धाला शोभणारं, पण मी मुद्दाम लावून ऐकतो ते टीव्हीवालं.

टीव्हीत मला जे खरंच खटकतं ते इन्कॉग्निटो. दिसायला भयंकर, ताकद अफाट, पण त्याला आलुकार्डशी बोलण्यासारखं काही नाही. मांगातला मेजर ठेंगणा, जाडा, चष्मा लावणारा, बंदूक धरली तर नेम लागत नाही असा, आणि तरी तो आलुकार्डच्या तोडीचा शत्रू आहे कारण त्याच्याकडे म्हणणं आहे. त्याचं शरीर जवळजवळ पूर्ण यंत्राचं आहे आणि तो ठासून सांगतो की मी माणूस आहे, कारण माझी इच्छाशक्ती माझी आहे, आणि आलुकार्ड राक्षस आहे कारण तो दुसऱ्यांचं रक्त आणि जीव गिळून जगतो. नाझी, युद्धाने पिसाटलेला, हजारोंचा खुनी, आणि हे वाक्य त्याच्या तोंडी. हिरानोने हे मुद्दाम केलंय, आणि ते वाचून सरळ पुढे जाता येत नाही. इन्कॉग्निटो मेला तर नुसता मेला, हेलसिंगची प्रमुख इंटेग्रा कैदेत जाते, चिप कोणी बनवल्या ते तसंच लोंबकळत राहतं आणि मालिका संपते. अँडरसनही टीव्हीत फार थोडा येतो, त्यामुळे तो एक वेडा पाद्री एवढाच लक्षात राहतो, आणि हे मोठं नुकसान आहे.

कारण मांगाचा कळस अँडरसनच आहे. लंडन जळतंय, आलुकार्डने सगळी बंधनं सोडून आपल्यात साठवलेले सगळे मेलेले बाहेर काढलेत, घोडेस्वार, पायदळ, शतकानुशतकांची फौज, आणि नेमक्या त्या क्षणी तो स्वतः आतून रिकामा आहे, त्याला मारता येईल असा. अँडरसन त्या सगळ्या फौजेतून वाट काढत त्याच्यापर्यंत येतो. ज्याची शतकं वाट बघितली तो माणूस समोर. आणि तेव्हाच अँडरसन तो पवित्र खिळा काढतो, जो स्वतःच्या छातीत मारला की तोही राक्षस होणार. आलुकार्ड त्याला विनवतो, अक्षरशः विनवतो, की हे करू नको, माझ्यासारखा होऊ नको, मला माणसाच्या हातून मरू दे. अँडरसन ऐकत नाही. नंतर आलुकार्ड रडतो. पहिल्या खंडापासून हसणारा तो, त्या जागी रडतो, आणि आपल्याला कळतं की हा माणूस व्हायला तरसतोय. हे टीव्ही मालिकेत नाही म्हणून तिथला आलुकार्ड देखणा आहे, गूढ आहे, पण त्याला काय हवंय ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आता अल्टिमेट. मांगाशी इतकं प्रामाणिक अ‍ॅनिमे फार कमी असेल, फ्रेमसुद्धा चित्रांवरूनच घेतल्यात, मेजरचं युद्धावरचं भाषण तर मांगापेक्षा भारी झालंय कारण तो आवाज चढत चढत जातो आणि कागदावर ते होऊ शकत नाही. मुख्य तिघांचे जपानी आवाज, आलुकार्डचा जोजी नाकाता, इंटेग्राची योशिको साकाकिबारा, सेरासची फुमिको ओरिकासा, दोन्ही मालिकांत तेच आहेत, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना ओळखीचं वाटतं. इंग्रजी डबही मी आवर्जून सुचवीन, गोष्ट इंग्लंडमधली आणि उच्चार ब्रिटिश, आणि क्रिस्पिन फ्रीमनचा आलुकार्ड ऐकण्यासारखाच आहे.

पण सगळं तंतोतंत घेऊनही दोन गोष्टी बदलतातच. एक म्हणजे रंग. मांगात रक्त काळं आहे, आलुकार्डचा कोट काळा, सावली काळी, आणि हिरानो पुढच्या खंडांत इतकी शाई ओततो की रक्त कुठे संपलं आणि आलुकार्ड कुठे सुरू झाला ते दिसत नाही, आणि ते दिसू नयेच, कारण तो रक्ताचाच बनलेला आहे. अल्टिमेटमध्ये रक्त लाल झालं की ते वेगळं पडतं, जास्त ओंगळ दिसतं पण कमी भीतीदायक. दुसरं म्हणजे विनोद. हिरानो गंभीर प्रसंगाच्या मध्येच बुटकी बावळट चित्रं काढतो, पानावर ती कोपऱ्यात असतात, डोळा त्यावरून सरकतो. अल्टिमेटने तीही घेतली, आणि पडद्यावर ती संपेपर्यंत थांबावं लागतं, ताण तुटतो. टीव्हीवाल्यांनी हा विनोद जवळजवळ काढूनच टाकला, आणि पडद्यासाठी मला तो निर्णय बरोबर वाटतो.

शिवाय अल्टिमेट तीन स्टुडिओंत फिरलं, सुरुवातीला सॅटेलाइट, मग मॅडहाउस, शेवटी ग्राफिनिका, आणि सलग बघितलं की चेहऱ्यांची धाटणी बदललेली जाणवते. संगणकावर केलेली गर्दी काही ठिकाणी डोळ्याला टोचते. पिपचा प्रसंग मात्र अप्रतिम झालाय. तिथे त्यांनी घाई केली नाही.

पुस्तकांबद्दल: मोठ्या आकारामुळे शेवटच्या खंडांतली दोन-दोन पानांची चित्रं पूर्ण उलगडतात, फोनवर हा मांगा वाचणं म्हणजे त्यातलं निम्मं घालवणं. वजन भरपूर आहे, आडवं पडून वाचायचं विसरा, टेबल हवं. हार्डकव्हर असल्यामुळे इतक्या वापरानंतरही बांधणी घट्ट आहे. पाठीजवळची चित्रं थोडी आत जातात, पुस्तक दाबून उघडावं लागतं. सुरुवातीचं चित्रकाम कच्चं आहे, हनुवट्या टोकदार, शरीरं ओबडधोबड, त्यावरून ठरवू नका, तिसऱ्या-चौथ्या खंडापासून हात बसतो.

क्रम विचाराल तर आधी मांगा, मग अल्टिमेट, आणि मध्ये थोडा काळ जाऊ देऊन टीव्ही मालिका, तीसुद्धा वेगळी गोष्ट समजून, रात्री, चांगल्या स्पीकरवर. ज्यांनी फक्त टीव्ही मालिका बघून हेलसिंग बाजूला ठेवलंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मांगा उचला. रक्तपात प्रचंड आहे, नाझी आहेत, घरात लहान मुलं असतील तर पुस्तकं वरच्या फळीवर ठेवा. आणि पहिल्या दोन खंडांत नुसताच धुडगूस वाटला तरी सातव्या खंडापर्यंत या, तिथेही काही वाटलं नाही तर मग खुशाल सोडून द्या.