विकिपीडियावरील ‘धन्यवाद’ची सोय : एका प्रचालकाचा अभिप्राय

विकिपीडियावर प्रचालकाला मोबदला नसतो. पाने वगळणे, ती सुरक्षित करणे, उपद्रवी सदस्यांना रोखणे अशी काही जादा साधने तेवढी त्याच्या हाती येतात, आणि त्यांचा प्रत्येक वापर सार्वजनिक नोंदीत कायमचा राहतो. साहजिकच टीका वरचेवर होते. अशा कामात मन स्थिर ठेवायला मला ज्या सोयीचा सर्वाधिक आधार झाला, त्या २०१३ पासून उपलब्ध असलेल्या ‘धन्यवाद’विषयी, अनेक वर्षांच्या वापरानंतर, हा अभिप्राय लिहीत आहे.

सोय साधी आहे. पानाच्या इतिहासात संपादनाच्या नोंदीपुढे एक दुवा असतो. तो दाबून होकार दिला की संबंधित सदस्याला सूचना पोहोचते. येथे आभार एकूण माणसाचे नव्हे, तर त्याच्या एका विशिष्ट संपादनाचे मानले जातात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘आपण उत्तम काम करता’ हे ऐकून बरे वाटते, परंतु त्यातून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. याउलट, मी कित्येक दिवस खपून जुळवलेल्या संदर्भांकडे कोणाचे लक्ष गेले नाही आणि एका वादग्रस्त पानावरचा एकच पक्षपाती शब्द बदलला त्याला मात्र तिघांनी दाद दिली, तेव्हा वाचकांना नेमके काय खुपत होते ते मला कळले. शिवाय सार्वजनिक नोंदीत कोणी कोणाला धन्यवाद दिले एवढेच दिसते, कोणत्या संपादनासाठी ते दिसत नाही. त्यामुळे वाद पेटलेला असताना विरुद्ध मताच्या सदस्यालाही एखादा निर्णय पटल्याचे कळवणे सोपे जाते.

उणीव एकच, पण ती मोठी आहे. धन्यवादासोबत एक शब्दही लिहिता येत नाही. टीका मात्र चर्चा पानावर, म्हणजे सदस्याला निरोप लिहिण्याच्या पानावर, सविस्तर, कारणांसह येते, आणि म्हणून नकळत तीच अधिक खरी वाटू लागते.

एकदा मी एका नव्या सदस्याने लिहिलेले पान वगळले आणि कारणाच्या जागी केवळ धोरणाचे संक्षिप्त नाव लिहिले. त्याने माझ्या चर्चा पानावर बराच मोठा, संतप्त मजकूर लिहिला. मी तितकेच लांब उत्तर तयार केले, पण ते प्रकाशित न करता रात्रभर तसेच ठेवले. सकाळी त्याचा मजकूर पुन्हा वाचला, तेव्हा त्यातील बहुतेक वाक्ये माझ्या स्वभावाविषयी होती आणि एकच माझ्या कामाविषयी होते : आपले काय चुकले हे आपल्याला समजेल अशा भाषेत कोणी सांगितलेच नाही. ते वाक्य पूर्णपणे खरे होते. मी तेवढ्याचेच उत्तर दिले, दिलगिरी व्यक्त केली, वगळलेला मजकूर त्याच्या धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लेखनाच्या पानावर, आणून ठेवला आणि कोणते संदर्भ हवेत ते लिहिले. तो सदस्य पुन्हा आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. चर्चा पानावरील तो मजकूर मी पुसला नाही. पुसला असता तरी इतिहासात तो राहिलाच असता.

शब्दांत कौतुक करायचे असेल, तर कारण लिहून सदस्याच्या चर्चा पानावर ठेवायचा बार्नस्टार, म्हणजे ताऱ्याचे सन्मानचिन्ह, आहे. ही प्रथा २००३ पासूनची आहे. सर्वाधिक योगदान देणाऱ्या १ टक्का सदस्यांपैकी काहींना यादृच्छिकपणे बार्नस्टार देऊन केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना तो मिळाला, त्यांचे काम न मिळालेल्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. तरीही बार्नस्टार जुन्याजाणत्यांच्याच वाट्याला अधिक येतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून ‘धन्यवाद’ ही सोय प्रत्येक स्वयंसेवकाने वापरावी, असे मी आग्रहाने सुचवेन. मात्र नव्या सदस्यासाठी तेवढ्यावर थांबू नये. आपले संपादन उलटवले गेल्याची सूचना त्याला आपोआप जाते. त्याच्या संपादनातले काय चांगले होते हे सांगणारे वाक्य मात्र कोणीतरी त्याच्या चर्चा पानावर स्वतः लिहावे लागते, आणि ते मी हल्ली दुवा दाबण्याआधी लिहितो.